एकतिसाव्या चालीचा पिवळा दिवा

बसा, बसा. मास्तरांचं घर कुठं पळून जात न्हाई. नदीकडच्या गल्लीत तिसरं दार, मी दाखवतो. पण तिथं जायच्या आधी माझा चहा घ्या आन् गोष्ट ऐका. त्या डावाचंच विचारायला आलाय न्हवं? खरा होता का बसवलेला? सगळं सांगतो, एक चाल बी गाळणार न्हाई. डोळ्यावर तो नवा चष्मा दिसतोय, काडीला बारका दिवा असलेला. असू दे सध्या. त्याचं शेवटी बघू.

तर भूपाल मगदूम. आमच्या सांगलीत सगळे त्यांना डाव-मास्तर म्हणायचे. पिक्चरमधल्या मारामाऱ्या बसवणारा माणूस असतो ना, तसे हे बुद्धिबळाचे डाव बसवायचे. वीस-पंचवीस वर्षांमागं लई खूळ निघालं होतं बघा. पिक्चर आला, की हिरो कुठल्या तरी नामांकित खेळाडूसंगं पटावर बसणार आन् फोनवर लाखो माणसं बघणार. हिरोला उंट तिरका चालतो का सरळ, ते बी ठाऊक नसायचं. मास्तर त्याला महिनाभर घरी बसवून चाळीस चाली हातात बसवायचे. डोक्यात न्हाई, हातात. घोडा उचलायच्या आधी दहा आकडे मोजायचे, मंग कानाची पाळी खाजवायची. अठराव्या चालीला चहाचा कप उचलायचा, पण प्यायचा न्हाई, तसाच खाली ठेवायचा. मास्तर म्हणायचे, "खरा विचारात पडलेला माणूस चहा विसरतो. लोक चाल बघत न्हाईत, कप बघतात."

समोरचा खेळाडू ठरल्यापरमाणं हरायचा. लोक भांडायचे, खरं का खोटं, आन् त्या भांडणातच पिक्चर चालायचा.

मंग साक्षीपट आला.

ते यंत्र बसवायला एक बाई यायची, तिनं मला हितंच चहा पिता पिता समजावलं होतं. म्हणाली, काका, माणूस विचार करून काही ठरवतो तवा डोळ्याची बाहुली हळूहळू मोठी होत जाते आन् ठरलं की आकसते. आन् नुसतं आठवायचं असलं तर बाहुली एकदाच, सुरुवातीलाच, बारीकशी हलते. बोटाच्या टोकाचा घाम बी तसाच. येगळा विचाराचा, येगळा आठवणीचा. पटाच्या कडेला कॅमेरे, मोहऱ्यांच्या अंगात घाम मोजायची तार. चाल डोक्यातनं सुचली तर दिवा हिरवा. पाठ केलेली आठवून खेळली तर पिवळा.

डाव सुरू व्हायच्या आधी ती खेळाडूच्या हातात एक मोहरं द्यायची आन् विचारायची, तुमचं गाव कुठलं? माणूस सांगायचा, दिवा पिवळा. मंग विचारायची, सतरा गुणिले तेवीस किती? माणूस डोकं खाजवायचा, दिवा हिरवा. झालं, यंत्र लागलं.

पहिल्याच महिन्यात तीन हिरो उघडे पडले. सुरुवातीपासून शेवटापर्यंत पिवळा दिवा, मधी कान खाजवणं चाललेलंच. मास्तरांचा धंदा बसला. पण त्यांना वाईट न्हाई वाटलं, मला ठाऊक हाय. म्हणाले, "बरं झालं. माझ्याच्यानं सुटत नव्हतं, यंत्रानं सोडवलं."

आता खरी गोम ऐका. हिरोनं चार-सहा महिने मन लावून शिकलं तर त्याचा दिवा हिरवा होऊ शकतो. पण समोरच्या खेळाडूचं काय? मुद्दाम हरायचं तर चाली आधी ठरवून पाठ केलेल्या, मंग त्याचा दिवा पिवळा. म्हणजे खोटं हरायची सोयच राहिली न्हाई. मंग ह्या पिक्चरवाल्यांनी काय केलं असंल? त्यांनी खेळाडूला खरंच हरवायला सुरुवात केली. पटावर न्हाई, पटाच्या बाहेर. एका बाईला डावाआधी दोन रात्री हॉटेलात झोपू दिलं न्हाई, वरच्या खोलीत फरशी फोडायचं काम काढलं. एका म्हाताऱ्या खेळाडूला खेळायच्या आधी अर्धा तास सांगितलं की तुमच्या भावाला दवाखान्यात हलवलंय. बिचारा रडत रडत हरला. दिवा शेवटपर्यंत हिरवागार. डाव गेल्यावर कळलं, भाऊ घरी शेंगा फोडत बसलाय.

यंत्र खोटं पकडायचं. पण माणूस आतनं मोडलाय का, ते त्याला कुठनं कळणार?

मास्तरांची सून त्रिशला. दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला. लग्नाआधी राज्यात खेळलेली पोरगी, मंग संसारात सगळं राहिलं. नवरा सन्मती मालवाहू बोटीवर. आता बोटी आपल्या आपण चालतात म्हणा, पण यंत्रखोलीत बघायला चार माणसं लागतातच, त्यातला हा एक. घरात सासरा आन् सून दोघंच. जेवणं झाली की दोघं पट मांडायची, पण जुन्या देशी रीतीनं, मास्तरांच्या आज्यानं शिकवलेल्या. त्यात राजाला एक मुभा असते. शह बसायच्या आधी, आख्ख्या डावात एकदाच, राजा घोड्यासारखी उडी मारू शकतो. त्रिशलाला ती उडी लई आवडायची. बरोबर अडचणीच्या टायमाला टाकायची आन् मास्तर म्हणायचे, "पळाला बघा तुझा राजा, सासऱ्याला घाबरून."

सन्मती पहिल्यांदा बोटीवर गेला त्या दिवशी तिनं मास्तरांकडनं एक शब्द घेतला होता. "मामा, तिकडनं काय बी कळलं तर आधी मला सांगायचं. वाईट असलं तर लपवायचं न्हाई, दमानं सांगायचं न्हाई. आधी मला." मास्तर हो म्हणाले. आयुष्यभर खोटे डाव बसवलेला माणूस, पण सुनेपाशी त्यांचा एवढा एक शब्द होता आन् तो त्यांनी जिवापाड जपला होता.

तर अभिमन्यू सरनोबत नावाच्या हिरोचा बुद्धिबळावरचा पिक्चर येणार होता. पोरगं चांगलं होतं, सहा महिने खरंच शिकलं होतं. त्याच्यासमोर बसायला त्रिशलाला बोलावणं आलं. त्याला एक तास, तिला पंधराच मिनिटं, म्हणजे बरोबरी व्हावी. ती हरखून गेली. मास्तरांना म्हणाली, "सहा वर्षांत मला कुणी पटासमोर बसवलं नाही, मामा. जिंकीन नाहीतर हरीन, पण एक डाव माझ्या नावावर खरा लागू दे. ह्या घराच्या नावावर बी."

ते शेवटचं वाक्य मास्तरांना लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

डावाच्या आठ दिवस आधी पिक्चरवाल्यांचा माणूस आला. विश्वजित खोत. पांढरा शर्ट, गोड बोलणं. ह्याच बाकड्यावर बसून म्हणाला, "मास्तर, तुम्ही जुने जाणकार. वहिनींना त्या दिवशी जरा अस्वस्थ करता येईल का? कशानं ते तुम्हालाच ठाऊक. घरातल्या माणसावर विश्वास बसतो."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "खोतसाहेब, मी डाव बसवले. माणसं न्हाई मोडली. चहा झाला असंल तर उठा."

"विचार करा."

"केला. माझा दिवा हिरवाच हाय. उठा."

गेला हसत हसत. मी म्हटलं, संपलं. पण त्या हसण्याचं मला तवाच कळायला पाहिजे होतं.

डावाचा दिवस. दुपारी चारचा टाइम. नाट्यगृह गच्च. आत गेलं की फोन काढून पेटीत टाकायचे, पेटीला कुलूप, खेळाडूच्या घरच्यांचे बी. लबाडी नको म्हणून. चार वाजायला वीस मिनिटं होती. त्रिशला पडद्यामागच्या खोलीत केस विंचरत होती. मास्तर स्टेजवर मोहरी बघत होते, कुठलं हलतंय का, कुठलं डुगडुगतंय का. जुनी सवय. यंत्रवाली बाई पट लावून तारा तपासायला खाली उतरली होती. मी चहाचा ट्रे घेऊन विंगेत.

खोत आला. आज हसत नव्हता.

"मास्तर, कसं सांगू कळत नाही. सन्मतीच्या बोटीचा सकाळपासून संपर्क तुटलाय. समुद्रात वादळ आहे. तुमचे फोन पेटीत, म्हणून कंपनीनं आमच्या ऑफिसला कळवलं. मला वाटलं, तुम्हाला सांगणं माझं काम आहे. पुढचं तुम्ही ठरवा."

मास्तरांच्या हातातला हत्ती तसाच राहिला. वादळाचं सकाळच्या बातम्यांत खरंच होतं, मी बी ऐकलं होतं. मास्तर नंतर मला म्हणाले, "डोकं सांगत होतं, हा माणूस खोटा. पण समुद्र खोटा कुठं होता?"

खरं असलं आन् लपवलं तर शब्द मोडला. खोटं असलं आन् सांगितलं तर पोरगी मोडली, आन् ती बी सासऱ्याच्या तोंडनं. फोन कुलपात. कुलूप उघडायचं तर पंच सामना थांबवणार. घड्याळात अठरा मिनिटं.

मास्तरांनी पटाकडं बघितलं. पट चालू होता, कडेचा दिवा बारीक लुकलुकत होता. त्यांनी वजीर उचलला आन् खोतपुढं धरला. "जरा धरा हो हे. माझा हात थरथरतोय."

माणसापुढं वस्तू केली की माणूस घेतोच. खोतनं वजीर घेतला. पटासमोरच उभा होता, कॅमेऱ्याच्या तोंडावर.

"तुमचं गाव कुठलं, साहेब?"

"आं? कराड. का?"

दिवा पिवळा.

"न्हाई, सहज. माझं डोकं ठिकाणावर न्हाई. फोन कुठनं आला म्हणालात?"

"मुंबईहून. बोटीच्या कंपनीच्या ऑफिसातून. सकाळी सहापासून संपर्क नाही म्हणाले."

दिवा पिवळा.

मी विंगेत ट्रे खाली ठेवला. पिवळा म्हणजे आठवून बोलतोय. म्हणजे खरंच फोन आलेला. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. पण तो माणूस जन्मभर हिरो लोकांना डाव पाठ करून देत आला होता. पाठ केलेल्याचा दिवा बी पिवळाच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आन् पाठांतराला घोर कशाचा लागतो तेही त्यांनाच ठाऊक. पुस्तकाबाहेरची एक चाल आली, की संपलं.

ते अगदी म्हाताऱ्यासारखे खाली बसले. "बोलणारी बाई होती का बाप्या?"

खोत थांबला. अर्धा श्वास. "बाई होती."

दिवा हिरवा.

ज्यानं फोन घेतला त्याला हे ठरवावं लागत न्हाई हो. आवाज कानात असतोच.

"मराठी बोलली का हिंदी?"

"हिंदी. म्हणजे... हिंदीच."

हिरवा.

"आमच्या सन्मतीचं नाव कसं घेतलं त्या बाईनं? आडनावानं का नावानं?"

आता खोतनं दिव्याकडं बघितलं. मंग हातातल्या वजिराकडं. डावात हिरवा म्हणजे सच्चा. बोलण्यात हिरवा म्हणजे तिथल्या तिथं बनवतोय. त्यानं वजीर पटावर ठेवला, ठेवला कसला, टाकला, आन् म्हणाला, "ह्याची नोंद होत नाही, मास्तर. सामना सुरू झाल्याशिवाय यंत्र काही साठवत नाही."

"ठाऊक हाय. मला नोंद नको होती."

दहा मिनिटं राहिली. मास्तर खोलीच्या दाराशी गेले आन् उभे राहिले. मी म्हटलं, "मास्तर, खोटं हाय हे कळलंय आता. कशाला सांगताय? डाव झाल्यावर सांगा."

"दिवा म्हणजे काही देव न्हाई," ते म्हणाले. "शंभरातलं एक खरं निघालं तर? 'आधी मला' म्हणाली होती ती. 'खातरी झाल्यावर' असं न्हाई म्हणाली."

आत गेले आन् सगळं सांगितलं. खोत काय म्हणाला, वजीर कसा दिला, दिवा कधी पिवळा, कधी हिरवा. "मला विचारशील तर खोटं हाय. पण शपथ घालू नकोस."

त्रिशलाच्या हातात फणी तशीच. तिनं ती खाली ठेवली. मंग म्हणाली, "मामा, पटापाशी चला."

"कशाला?"

"तुम्ही जे आत्ता सांगितलंत ते मोहरं धरून सांगा."

मास्तर बघत राहिले. मला बी समजायला थोडा वेळ लागला. तिला वाटत होतं, बोट खरंच हरवली असंल आन् सुनेचा डाव वाया जाऊ नये म्हणून सासऱ्यानं ही दिव्याची गोष्ट रचली असंल. रचण्यातच तर हयात गेली होती त्यांची.

ते पटापाशी आले. प्यादं उचललं. तिनं विचारलं, "खोतनी कुठला शर्ट घातला होता?" "पांढरा. खिशाला निळं पेन." पिवळा. "वजीर काळा होता का पांढरा?" "काळा." पिवळा. "बाई का बाप्या विचारल्यावर तो काय करत होता?" "अर्धा श्वास थांबला." पिवळा.

ती दिव्याकडं बघत होती. मास्तर तिच्याकडं बघत होते. तिनं एकदाबी त्यांच्या तोंडाकडं बघितलं न्हाई.

"बरं," ती म्हणाली. "खेळते मी."

"पंचाला सांगू?"

"सांगितलं की सामना रद्द. मग तो खोतच जिंकला. बसते मी."

डाव सुरू झाला. मी तिच्या बाजूला चहा ठेवला. पहिल्या पंचवीस चाली काय खेळली पोरगी. दोन्हीकडं हिरवं. सरनोबत घामाघूम, पण चिकट, सोडत नव्हता. लोक श्वास धरून. मास्तर पहिल्या रांगेत हात मांडीखाली घेऊन बसलेले.

तिसाव्या चालीला सरनोबतचा हत्ती मधल्या पट्टीत आला. पुढच्या चालीला शह. तशी साधी गोष्ट होती, प्यादं एक घर पुढं केलं तरी भागत होतं. तिच्याकडं चार मिनिटं होती. तिनं घड्याळाकडं बघितलं, मंग पडद्यामागं, जिथं फोनची पेटी होती तिकडं. कुठं गेली होती ती त्या घडीला, मी सांगायला नको. समुद्रावर गेली होती.

आन् तिच्या हातानं राजा उचलला आन् घोड्यासारखा अडीच घरं उडवून कोपऱ्यात ठेवला.

सभागृहात आधी एकजण हसला, मंग दहा, मंग सगळे. राजाची उडी. शाळेतलं पोर बी आताच्या खेळात असं करत न्हाई.

दिवा पिवळा.

पंचानं राजा माघारी ठेवला आन् सांगितलं, हात लावलाय, राजाच हलवावा लागेल. राजाला जायला एकच घर होतं. तो तिथं गेला आन् त्याच्या आडोशाला उभा असलेला वजीर उघडा पडला. सरनोबतनं पंचाला विचारलं, "त्यांना दुसरी चाल देता नाही का येणार?" पंच न्हाई म्हणाला. पोरगं दहा मिनिटं पटाकडं बघत बसलं, मंग वजीर मारला. त्याचा दिवा हिरवाच होता. सहा चालींत डाव संपला.

मी तिचा कप उचलला. भरलेला. वर साय धरलेली, सुरकुतलेली. एक घोट बी घेतला नव्हता.

फोन मिळाले. सन्मतीचा निरोप पडलेला, दुपारी तीनचा. "डाव झाला की कळव. इकडं वादळ चुकवून बंदराला लागलोय." पायरीवर बसून तिनं तो तीनदा वाचला आन् फोन मास्तरांच्या हातात दिला.

"मामा, मी तुम्हाला मोहरं धरायला लावलं."

"लावलंस ते बरोबर केलंस."

"बरोबर होतं. पण केलं ते चांगलं नव्हतं."

मास्तर म्हणाले, "उडी मात्र झकास टाकलीस." दोघं हसली. मी बघितलं, हसताना दोघांनीबी मान खाली घातली होती.

पुढचं तुम्हाला ठाऊकच हाय. तेवढाच तुकडा जगभर फिरला. तीस चाली हिरव्या आन् जिच्यानं डाव गेला ती एकच पिवळी. लोक म्हणाले, बघा, हरायची चाल पाठ करून आली होती. सासरा डाव-मास्तर. अजून काय पुरावा पाहिजे? तो भरलेला कप बी दाखवला, म्हणाले, ही म्हाताऱ्याची जुनीच खूण. खोत सगळ्यांना सांगत सुटला, आम्हाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

ती चाल पाठच होती हो. सहा वर्षं रोज, जेवण झाल्यावर, सासऱ्यासमोर पाठ झालेली. यंत्र खोटं बोललं न्हाई. तिच्या आख्ख्या डावातली सगळ्यात खरी चाल तीच, आन् तिलाच पिवळा दिवा.

तीन वर्षं झाली. तुमच्यासारखे लई जण येतात, आता तर पटबी लागत न्हाई, चष्म्यातच दिवा आलाय. मास्तरांना विचारतात, खरा का बसवलेला? ते सगळं सांगतात, जसं घडलं तसं. पण शेकडो वेळा सांगून सांगून शब्द न् शब्द ठरून गेलाय. दिवा पिवळा, जराबी हलत न्हाई. आन् माणसं उठताना म्हणतात, पाठ केलंय हो म्हाताऱ्यानं. त्रिशला आतनं ऐकते. संध्याकाळी दोघं पट मांडतात अजून, पण तिनं त्या दिवसापासून राजाची उडी टाकलेली न्हाई. हरते, पण टाकत न्हाई.

झाला चहा? मंग तिसरं दार. जावा, विचारा, ते कुणाला न्हाई म्हणत न्हाईत. फकस्त माझं एक ऐका. तो चष्मा ह्या बरण्यांच्या मागं ठेवून जावा, माघारी येताना घ्या. आन् मास्तर बोलतील तवा त्यांच्या तोंडाकडं बघा.